उसनं तोंड

सन दोन हजार चोवीस. कार्तिक सरत आला होता. तुळशीची लग्नं होऊन गेली होती आणि कारखान्याचं धुराडं नुकतंच धुरू लागलं होतं. त्या साली थंडी लवकर पडली. कडेगावच्या खालच्या अंगाला कॅनॉलच्या कडेनं एक वाडी आहे. तिथं सकाळचं धुकं एकदा उसात शिरलं की ऊन चांगलं तापेपर्यंत बाहेर निघत नसे.

लालासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, डोक्यावर टोपी. काम साधं होतं. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला काढायचा होता. पूर्वी त्यासाठी तालुक्याला जाऊन अंगठा द्यावा लागे. आता फोनपुढं चेहरा धरला की सरकारला कळतं, माणूस जिवंत आहे. दिवाळीला साताऱ्याच्या कॉलेजातून आलेली नात, सृष्टी, अजून घरीच होती. अंगात कसकस आहे म्हणायची. तीच फोन धरून समोर उभी होती.

“आबा, डोळं मिचकावा.”

“मिचकावलं की.”

“आसं न्हाई. फोनकडं बघून. आन् रागानं बघू नगा, त्यो भिईल.”

“मी हाय हा असाच हाय. घ्यायचं तर घे म्हणावं.”

आतून सून क्रांती म्हणाली, “मामांचं तोंड बघून सरकार म्हणंल, ह्यो गडी काय एवढ्यात मरत न्हाई. दाखला कायमचाच देऊन टाका.”

फोनवरचं कडं फिरलं, हिरवं झालं. दाखला झाला. सृष्टी फोन मागं घेणार एवढ्यात वरच्या कडेनं एक ओळ खाली सरकली. लालासाहेबांची शाळा चौथीपर्यंतची, पण समोरचं अक्षर ते सोडत नसत. त्यांनी वाचलं.

‘माझं तोंड कवा देताय?’

सृष्टीनं फोन ओढून छातीशी धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि त्याच वेळी लालासाहेबांना वास आला. रॉकेलचा. घरात रॉकेल येऊन कितीतरी वर्षं झाली होती. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. फौजेत असताना वर बर्फातल्या चौकीत रॉकेलची शेगडी, बुखारी, पेटवली की तंबूत असाच वास कोंडायचा. कपड्यात, भातात, झोपेत.

“कुणाचा निरोप हाय?”

“ग्रुपातला हाय आबा. कोण न्हाई.”

‘कोण नाही’ असं कुणी म्हटलं की तिथं कोणीतरी असतं, एवढं त्यांना पलटणीनं शिकवलं होतं.

लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन उतरलेले. सोप्यात त्यांचा वर्दीतला फोटो होता, छातीवर पदकं. पाहुणा आला की त्याला त्या फोटोसमोरच बसवत. स्वतःबद्दल काही सांगत नसत. फोटो होता ना. त्यांचा मुलगाही फौजेत, लांब सरहद्दीवर. घरात ते, सून आणि नात. घराची राखण आपल्याकडं आहे असं ते मानत, आणि राखण करणाऱ्यानं संशय घेतलाच पाहिजे असंही मानत.

त्यांनी नातीवर नजर ठेवली. ती फोन घेऊन कडब्याच्या गंजीमागं जायची. पूर्वी फोन तिनं नुसतं बघितलं की उघडायचा. आता तो उघडत नव्हता. ती वैतागून आकडे दाबायची.

“पोरगं असंल,” ते सुनेला म्हणाले.

“न्हाई मामा. पोरगं असतं तर नटली असती. ही सारखी आरशात बघती खरं, पर नटत न्हाई. गालाला हात लावून बघती. हाय का न्हाई, आसं.”

क्रांती हे हसत सांगायला लागली होती. सांगता सांगता तिचं हसू गेलं.

एका दुपारी लालासाहेबांनी नातीला कॅनॉलवर गाठलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तोडीला आलेला ऊस. वारा नव्हता.

“कोण हाय त्यो?”

“कोण?”

“तोंड मागतोय त्यो.”

ती कट्ट्यावर बसली. “सांगते. पर तुमी हसाल.”

“मी कवा हसलोय?”

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर रडूही. मग तिनं सांगितलं.

फोनवर पोरापोरींचा एक गट होता. कुणी सांगलीचं, कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं. एकमेकांना कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळी मिळून एक गोष्ट लिहीत. प्रत्येकानं आपल्या मनानं एक माणूस रचायचा, त्याला नाव द्यायचं, गाव द्यायचं आणि तो होऊन बोलायचं. पण रचलेल्या माणसाला चेहरा कुठला? तर सगळ्यांच्या ओळखीचा एखादा चेहरा घ्यायचा. कुणी नटाचा फोटो लावी, कुणी नटीचा, कुणी क्रिकेटवाल्याचा. नाव आपलं, चेहरा त्यांचा. एकानं घेतलेला चेहरा दुसऱ्यानं घ्यायचा नाही, हा तिथला नियम.

“सोंगच की ह्ये,” लालासाहेब म्हणाले.

“व्हय. सोंगच.”

सोंग म्हणजे काय हे वाडीत कुणाला सांगावं लागत नाही. जत्रेत सोंगं निघतात. लाकडी मुखवट्याला वाडीत तोंडच म्हणतात. देवाचं तोंड आहे, राक्षसाचं आहे, आणि वाडीच्या जुन्या माणसांचीही आहेत. लढाईत पडलेला एक पाटील आहे, विहीर खणताना गाडला गेलेला एक बेलदार आहे. असं माणसाचं तोंड घालायचं तर आधी त्याच्या घरच्या उंबऱ्यावर जायचं आणि ते उसनं मागायचं. नाचून झालं की त्याच उंबऱ्यावर यायचं, तोंड उतरवायचं, तांब्यातल्या पाण्यानं आपला चेहरा धुवायचा आणि म्हणायचं, ‘तुझं तुला, माझं मला.’ दोन्ही म्हणायचं. लालासाहेब तरुणपणी सुट्टीवर आले की पाटलाचं तोंड घालत. दोन्ही का म्हणायचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नियमाला कारण विचारायची त्यांना सवय नव्हती. एक जण अर्धंच म्हणून घरी गेला होता, असं जुनी माणसं सांगत. तो कोण, ते मात्र वाडीत कुणालाच सांगता येत नसे.

“तू कुणाचं सोंग काढलंस?”

“माझा एक फौजी हाय. मीच रचलाय. पर नटांचे चेहरे सगळे संपले होते, आबा. आन् ते गोरंगोमटं फौजी म्हणून शोभत बी न्हाईत. मला आपल्याकडचा पायजे होता. उन्हातला.”

तिनं आकडे दाबून फोन उघडला आणि त्यांच्यापुढं धरला.

फौजी टोपीतला तरणा पोरगा. बारीक मिशी. डाव्या भुवईवर जखमेचा व्रण. फोटोग्राफरनं गप राहायला सांगितलं असावं, आणि आतलं हसू ओठांत दाबलेलं. लालासाहेबांनी तो चेहरा बघताक्षणी ओळखला. त्या रस्त्यानं जाणारा कुणीही ओळखला असता. उंब्रजच्या अलीकडं, हायवेच्या कडेला त्याचा श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स होता, गळ्यात हार छापलेला. वीरधवल. बर्फाच्या कड्याखाली गेलेला. त्याच्या अंत्यविधीला माजी सैनिकांबरोबर लालासाहेब पदकं लावून गेले होते. पेटी बंदच ठेवली होती. त्याची आई पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करत होती, दारावर करावी तशी. ‘एकदा तोंड दावा,’ म्हणत होती. उघडण्यासारखं काही नव्हतं.

“ह्याचा हार कुठं गेला?”

“कापला आबा. खालची अक्षरं बी.”

त्यांचा हात वर गेला. मग खाली आला.

“मेलेल्या माणसाचं तोंड. आन् न इचारता.”

“रस्त्यावर लावलेला चेहरा होता. सगळ्यांनी बघितलेला. मला वाटलं, ह्यात इचारायचं कुणाला?”

मग तिनं ते निरोप दाखवले. पाठवणाऱ्याला नाव नव्हतं. चेहऱ्याच्या जागचं गोल पांढरं होतं. पहिला निरोप होता, ‘ह्ये माझं हाय.’ दुसऱ्या कुणीतरी तोच चेहरा घेतलाय असं समजून सृष्टीनं नियम कळवला होता, आधी घेईल त्याचा. त्यावर उत्तर, ‘मला लागतंय.’ पुढं, ‘आई वळखंना.’ मग, ‘घरात घेत न्हाई.’

लालासाहेबांनी सगळं नीट वाचलं. आणि त्यांचा संशय घट्ट झाला.

“ह्ये भूत न्हवं. भुताला फोन कशाला पायजे? उंब्रजचंच कुणीतरी हाय. त्या घरातलं न्हाईतर भावकीतलं. पुस ते.”

तिनं त्यांच्यासमोर फोटो पुसला. आपला रचलेला फौजीही पुसला. सगळं गेलं. तिनं श्वास सोडला.

रॉकेलचा वास आला.

फोन थरथरला. ‘पुसलं म्हंजे दिलं न्हाई.’

आता पुसलं, आणि त्याला आता कळलं. म्हणजे तो बघतोय. कुठून? वारा नव्हता तरी उसाचं पान पानाला घासत होतं. एकाच जागी. माणूस उभ्यानं पाय बदलतो तेवढंच.

“भायेर ये!” लालासाहेब ओरडले आणि उसात घुसले.

आत अंधारी होती. पाचट पायाखाली मोडत होतं. चार सऱ्या आत गेल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. थंडीनं. वरच्या चौकीतली थंडी, जी नाकातून डोक्यात चढते. माणूस नव्हता. ओल्या सरीत एका बुटाचा ठसा होता, फौजी तळव्याचा. ठशात पाणी साचलं होतं. त्यांनी वाकून बोट लावलं. बोट बुडालं नाही. वर बर्फाची पापडी होती, काचेसारखी.

कार्तिकातली दुपार. कडेगाव.

ते बाहेर आले. “कोण हुतं?” सृष्टीनं विचारलं.

“कोण न्हाई,” ते म्हणाले. आणि आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन उंब्रजला निघाले. खोडी काढणारा सापडला तर त्याचा कान धरायचा, आणि त्या आईची माफी मागायची, असं त्यांनी सुनेला सांगितलं. पिशवीत त्यांनी तांब्या घातला. तो का घातला, ते सांगितलं नाही. सुनेनंही विचारलं नाही.

एसटीत कंडक्टरनं सृष्टीचा पास हातात घेतला. उलटा करून बघितला.

“पोरी, धुण्यात घातलावतास व्हय पास?”

“का?”

“फोटू बघ की तुझा.”

लालासाहेबांनी पास घेतला. फोटोत केस होते, ओढणी होती, कानातले होते. मधल्या जागी कोरा कागद. कडा फाटलेल्या नव्हत्या, शाई पसरलेली नव्हती. त्यांनी पास आपल्या खिशात टाकला आणि वर गुंडी लावली. सृष्टी खिडकीबाहेर बघत होती. तिला ते आधीच माहीत होतं.

“कधीपासनं?”

“मी त्याला उत्तर दिलं तवापासनं. आधी फोन वळखंना. आता फोटो चाललेत. आबा... शेवटी काय जाणार?”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवायची त्यांना सवय नव्हती. तो जडच पडला.

उंब्रजच्या अलीकडं ते उतरले. फ्लेक्स जागेवर होता. टोपी, वर्दी, छातीवरची पट्टी, गळ्यात छापलेला हार, सगळं स्वच्छ. चेहऱ्याच्या जागी पांढरं. शेजारी चहाचा गाडा होता.

“उन्हानं गेलाय बगा,” गाडेवाला आपणहून म्हणाला.

“ऊन चेहऱ्यावरच पडतंय व्हय तेवढं?”

गाडेवाल्यानं पातेल्यात चमचा फिरवला. “ह्ये बगा काका, मी काय त्याच्याकडं बघत न्हाई. तुमी बी बघू नगा. च्या घ्यायचा तर घ्या.”

वीरधवलच्या आईचं, मनुबाईचं, घर गावाच्या कडेला होतं. दिवस कलला होता. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं आणि गुळाचा जड गोड वास खाली बसला होता. मनुबाई उंबऱ्याच्या आत बसून शेंगा फोडत होती. एकटीच राहायची. तिच्याकडं साधासुद्धा फोन नव्हता. भावकीही मुंबईला गेलेली. लालासाहेबांनी हे सगळं आडून आडून विचारून घेतलं. संशयाला धरायला जागा उरली नाही.

“तुमी मातीला आला हुता न्हवं?” ती म्हणाली. “मंग तुमी त्याला बघितलाय. फोटूत तरी. सांगा की दादा, कसा हुता?”

“म्हंजे?”

तिनं शेंगांचं सूप बाजूला केलं. भिंतीवरच्या फोटोवर फडकं टाकलेलं होतं. ते तिनं बाजूला सारलं. फ्लेक्सवर होतं तसंच. पांढरं.

“फोटूचं जाऊ द्या. वल धरली आसंल. पर डोळं मिटल्यावर बी दिसंना झालाय. नाक कसं हुतं, ध्येनात येत न्हाई. मी आई हाय न्हवं? पेटीत दावला न्हाई, ते सोसलं. म्हनलं, माझ्या डोळ्यात हाय. आता तिथनं बी गेला.”

लालासाहेब सांगायला गेले. त्यांनी तो चेहरा आदल्या दुपारी बघितला होता. मिशी होती. आणखी काहीतरी होतं, डोळ्याच्या वर, कुठल्या बाजूला तरी... त्यांनी जोर लावला. आठवणीत टोपी आली, वर्दी आली. मधे काही नव्हतं.

सृष्टी पुढं झाली. म्हातारीच्या पुढं बसून तिनं सगळं सांगितलं. फोन, गट, सोंग, कापलेला हार. मनुबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती रागावली नाही.

“तू न्हेलास व्हय,” एवढंच म्हणाली. “मंग त्यो बी तेच सांगत आसंल.”

“कोण?” लालासाहेबांनी विचारलं.

“येतो न्हवं. रोज तिन्हीसांजंला. फाटकापशी उभा ऱ्हातो. बूट वाजत्यात, वीरूचंच वाजत्यात. पर चेहरा न्हाई त्याला, दादा. मी एकटी बाई. कुणाला आत घ्यायचं?”

बाहेरचा उजेड तांबडा होता, तो करडा झाला. गुऱ्हाळाचा वास मागं हटला. त्याच्या जागी दुसरा वास आला, आणि लालासाहेबांनी डोळे मिटले.

बूट वाजले. बर्फात बूट वाजतो तसे. करकर... करकर.

फाटकाजवळ वर्दीतला माणूस उभा होता. खांदे सरळ, हात मांड्यांना लावलेले. टोपीच्या खाली संध्याकाळ होती. दुसरं काही नव्हतं.

“आबा...”

“तांब्या भरून घे. उंबऱ्यावर ये. जत्रेत म्हणत्यात तसं म्हण.”

सृष्टीनं चेहऱ्यावर पाणी घेतलं. तिचे दात वाजत होते. “तुझं तुला,” ती म्हणाली. “माझं...”

पुढचं येईना. ती तोंड उघडून उभी राहिली आणि शब्द बाहेर येईना. फाटकातला माणूस अंगणात आला होता. तो आलेला कुणी बघितला नाही. सृष्टीच्या हातातला फोन थरथरला. लालासाहेबांनी तो तिच्या हातून काढून घेतला आणि वाचला.

‘न इचारता वापरलं. त्याचं काय?’

त्यांनी नातीकडं पाहिलं. तिन्हीसांजेच्या उजेडात तिची हनुवटी नीट दिसत नव्हती. त्यांना वाटलं, उजेड कमी आहे. मग त्यांनी मनुबाईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती.

लालासाहेबांनी सृष्टीला दंडाला धरून मागं ओढलं आणि स्वतः उंबऱ्यावर उभे राहिले. टोपी काढली. ती काढून ते कुणापुढं फार कमी वेळा उभे राहिले होते. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी तोंडावर मारलं. पाणी बर्फासारखं होतं.

“जवान,” ते म्हणाले. “पोरगी माझी हाय. चूक बी माझ्या घरची हाय. तिचं तिला.”

करकर... आणखी एक पाऊल.

“तुझं तुला.”

एवढं म्हणून ते थांबले. हनुवटीवरनं पाणी ठिबकत होतं. त्यांनी ते सदऱ्याच्या बाहीनं पुसलं.

“आबा,” सृष्टी मागून कुजबुजली. तिला आता बोलता येत होतं. “आबा, अर्धं ऱ्हायलं...”

“गप.”

मनुबाई उठली होती. ती अंगणाकडं बघत होती. तिचा हात आपोआप कपाळाच्या डाव्या बाजूला गेला, भुवईवर, जिथं त्याला लहानपणी लागलं होतं.

“वीरू,” ती म्हणाली. “आत ये रं. भायेर गार हाय.”

बूट उंबऱ्याजवळ आले. लालासाहेब आणि सृष्टी बाजूला झाले. दोघांनी माना खाली घातल्या. अंगाजवळून थंडी गेली. आत चूल पेटल्याचा आवाज झाला. निघताना लालासाहेबांनी एकदा भिंतीकडं बघितलं. फोटोत पोरगा होता. ओठांत हसू दाबलेला.

एसटीत सृष्टीनं फोन चेहऱ्यापुढं धरला. तो उघडला. तिनं पुन्हा बंद केला, पुन्हा धरला, पुन्हा उघडला. “आबा, वळखला! वळखला मला!” म्हणत ती हसली, मग त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. बाहेर अंधार पडला होता आणि खिडकीची काच आरशासारखी झाली होती. लालासाहेबांनी काचेत बघितलं नाही.

सकाळी ते नेहमीसारखे लवकर उठले. दाढी केली, आरशाशिवाय, हातानं चाचपून. इस्त्रीचा सदरा घातला आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. धुकं उसात शिरलं होतं. हयातीचा दाखला आधीच निघाला, हे बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं.

आत सोप्यात झाडू थांबला. क्रांती फोटोची काच पदरानं पुसत असावी, करकर आवाज येत होता.

“सृष्टे, मामांच्या फोटूला वल धरली बग. आन् ओट्यावर कोण म्हातारं येऊन बसलंय गं? इचार जरा.”

सृष्टी बाहेर आली. रात्रभर झोप लागलेली, थंडीनं गाल तांबडे झालेले. लालासाहेबांनी तिचा चेहरा नीट बघून घेतला. हनुवटीपासून कपाळापर्यंत.

“कुणाकडं आलाय, बाबा?”

“लालासाहेबांकडं.”

“आबा मळ्यात गेलं असतील. बसा, येतील एवढ्यात. च्या टाकते.”

तिनं पाहुण्यांच्या कपबशीत चहा आणून दिला. लालासाहेबांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला. उसनं फिटलं होतं. बशी खाली ठेवून ते बसून राहिले.